‘बरं आहे’ एवढंच सांगू नका

डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं की आपल्याकडची बाई सांगते, “बरं आहे.” रात्रभर गुडघा ठणकलेला असतो, पाण्याचा हंडा आता सुनेला उचलावा लागतो, पण मागं रांग असते. रक्तातली साखर तपासणीत कळते, बीपी मशीनवर दिसतो. दुखण्यानं रोजचं काम किती अडलं, हे मात्र पेशंटलाच विचारावं लागतं.

त्यासाठी प्रश्नावल्या असतात. आरोग्य म्हणजे नुसता रोग नसणं नव्हे, शरीर, मन आणि सामाजिक जीवनही चांगलं असणं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेतच म्हटलं आहे. पुढं १९९० नंतरच्या दशकात संघटनेनं जीवनाचा दर्जा मोजणारी प्रश्नावली अनेक देशांत मिळून तयार केली. त्या कामात दिल्ली आणि चेन्नईची केंद्रंही होती. तिच्या छोट्या नमुन्यात २६ प्रश्न आहेत. पहिले दोन एकंदर आयुष्य आणि तब्येतीबद्दल. बाकीच्यांत शरीराचे ७, मनाचे ६, नात्यांचे ३ आणि परिसराचे तब्बल ८! राहतं घर कसं आहे, सुरक्षित वाटतं का, पैसा पुरतो का, दवाखान्याची आणि येण्या-जाण्याची सोय आहे का. तुंबलेल्या गटाराशेजारी राहणाऱ्यानं हे सांगितलं तर ती कुरकुर नाही, ती तब्येतीचीच माहिती आहे.

उत्तरं १ ते ५ आकड्यांत द्यायची, तीही फक्त मागच्या दोन आठवड्यांची. गेल्या वर्षीचं ऑपरेशन आठवत बसू नका. बहुतेक प्रश्नांत मोठा आकडा चांगला. दुखणं, औषधोपचाराची गरज आणि उदासी या तीन प्रश्नांत मात्र तो उलटा, तिथं ५ म्हणजे त्रास फार. घाईत इथंच गफलत होते.

वाचता येत नसेल तर कुणी वाचून दाखवावं, पण उत्तर पेशंटचंच हवं. मुलगा किंवा नवरा “लिहा, चांगलं आहे” म्हणाला की कागद वाया गेला. नात्यांच्या तीन प्रश्नांत एक लैंगिक जीवनाचाही आहे. सासूसमोर त्याचं खरं उत्तर कोण देईल? तेवढा वेळ घरच्यांना बाहेर थांबायला सांगा, असं नर्सला बिनधास्त म्हणावं.

या आकड्यांवरून आजाराचं नाव ठरत नाही. कमी गुण आले म्हणून घाबरायचं कारण नाही; डॉक्टरांनी पुढं काय विचारायचं, ते त्यातून कळतं. उपचारानंतर तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर फरक दिसतो. म्हणून कागदावर तारीख घालून तो केसपेपरसोबत जपून ठेवा.