आधी झाडे, मग बटेर

दहा-वीस गुंठ्यांच्या वस्तीवर बटेर आणि फळझाडे एकत्र सांभाळता येतात, पण दोघांचा वेग फार वेगळा असतो. बटेराचे पिल्लू अंडी उबवायला ठेवल्यापासून 17-18 दिवसांत बाहेर येते, पाचव्या आठवड्यात विकण्याजोगे होते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंड्यावर येते. पेरूच्या कलमावर फळ धरायला दोन-तीन वर्षे जातात, आंबा-चिकूला त्याहून जास्त. हा फरक लक्षात न घेता दोन्ही कामे एकाच पावसाळ्यात अंगावर घेतली की तोटा झाडांचा होतो. पक्ष्यांचे दाणापाणी एक दिवसही टळत नाही. झाडाचे पाणी मात्र आज राहिले तर उद्यावर जाते, उद्याचे परवावर, आणि मार्चअखेर निम्मी कलमे वाळलेली असतात. म्हणून पहिल्या वर्षी पाणी, कुंपण आणि झाडे, दुसऱ्या वर्षी निवारा, आणि त्यानंतर पक्षी, तेही सुरुवातीला पन्नासच्या आत, हा क्रम मोडू नये.

झाडे निवडताना जमीन आणि पाणी पाहावे, रोपवाटिकेतले चित्र नव्हे. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पठारी, कमी पावसाच्या पट्ट्यात पेरू, सीताफळ, आवळा आणि कागदी लिंबू ही झाडे थोड्या पाण्यावर तगतात. पेरूची ‘सरदार’ जात पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ केंद्रात 1927 मध्ये निवडलेली आहे आणि या भागाला ती मानवते. सीताफळात ‘बाळानगर’, लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ भरवशाची आहे. आवळ्याचे एकच झाड किंवा एकाच जातीची दोन झाडे लावली तर फुले येतात, फळे मात्र जेमतेम लागतात. ‘कृष्णा’, ‘कांचन’, ‘एनए-7’ यांपैकी निदान दोन जाती जवळजवळ हव्यात.

खड्डे एप्रिल-मे महिन्यात घेऊन उन्हात तापू द्यावेत. आंब्याला एक मीटर लांब, रुंद आणि खोल, बाकीच्यांना साठ सेंटिमीटरचे खड्डे पुरतात. भरताना वरच्या थरातली माती आणि चांगले कुजलेले शेणखत वापरावे. जून-जुलैत एक-दोन चांगले पाऊस झाले की लागवड करावी. लहान जागेवर अंतराचा मोह फार होतो. पेरू व लिंबाला सहा मीटर आणि आंबा-चिकूला दहा मीटर अंतर कागदावर उधळपट्टीसारखे दिसते, म्हणून लोक मध्ये आणखी एक ओळ घुसवतात. सहाव्या-सातव्या वर्षी फांद्या एकमेकींत शिरतात, आतला भाग अंधारतो आणि फळ फक्त शेंड्यावर येते. तेव्हा भरात आलेले झाड तोडायला हात धजावत नाही. अंतर कमीच ठेवायचे असेल तर पेरूची दरवर्षी नेमाने छाटणी करण्याची तयारी पहिल्या दिवसापासून हवी.

कलमांच्या बाबतीत एक चूक फार उशिरा कळते. लागवडीनंतर पहिल्या पावसाळ्यात कलमाच्या जोडाखालून, म्हणजे मूळ गावठी खुंटावरून, फुटवा येतो. तो जोमदार असतो, पाने तजेलदार असतात, आणि पाहणाऱ्याला झाड छान लागले असे वाटते. प्रत्यक्षात वरचा कलमाचा डोळा त्याच्या सावलीत मरत असतो. पाच वर्षांनी केशर आंबा म्हणून लावलेल्या झाडाला लहान, रेषाळ, आंबट फळ येते आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. जोड जमिनीच्या वर राहील असेच कलम लावावे आणि पहिली दोन वर्षे महिन्यातून एकदा वाकून जोडाखालचे फुटवे बोटाने खुडावेत. आंब्याला पहिली तीन वर्षे येणारा मोहोरही काढून टाकावा. जिवावर येते, पण खोड आणि मुळे त्यामुळेच भरतात.

आता पक्षी. भारतात पाळले जाते ते जपानी बटेर. 1974 मध्ये ते कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातील इज्जतनगरला आणले गेले आणि तिथून देशभर पसरले. माळरानावरचे रानलावे वेगळे. त्यांना पकडणे, विकणे किंवा पाळणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जपानी बटेराच्या नव्या परवान्यांवरही 2011 मध्ये बंदी आली होती, पुढे ती शिथिल झाली. त्यामुळे पिल्ले उबवणी केंद्रातूनच पावतीसह घ्यावीत, पावती जपून ठेवावी आणि सुरुवातीलाच पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

पिल्लू जेमतेम आठ-दहा ग्रॅमचे आणि अंगठ्याच्या पेराएवढे असते. पहिल्या दहा दिवसांत जी मरतूक होते ती बहुतेक थंडीने, बुडून किंवा पाय फाकून होते, रोगाने क्वचितच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर 37-38 अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करत न्यावी. तापमापक नसला तरी पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर थंडी वाजते आहे. भिंतीकडे पळून चोची उघडल्या असतील तर ऊब जास्त झाली आहे. सगळीकडे सारखी पसरून दाणे टिपत असतील तर ठीक. रात्री वीज जाते हे गृहीत धरून इन्व्हर्टरची किंवा दुसऱ्या उबेची सोय आधीच करावी. ज्या गावात भारनियमन आहे तिथे ही सोय झाल्याशिवाय पिल्ले आणूच नयेत.

कोंबडीच्या पिल्लांचे पाण्याचे भांडे बटेराला खोल पडते. पिल्लू काठावर चढते, आत घसरते, पिसे भिजतात आणि बाहेर आले तरी गारठून मरते. भांड्याच्या कडेच्या खाचेत स्वच्छ खडे किंवा गोट्या भराव्यात, म्हणजे चोचीपुरतेच पाणी उघडे राहते. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले तर पाय घसरून बाजूला फाकतात आणि ते पुन्हा जुळत नाहीत. त्याऐवजी गोणपाट किंवा खरबरीत कागद टाकावा. पहिल्या आठवड्यानंतर भाताचे तूस चालते. खाद्यात 24 ते 27 टक्के प्रथिने लागतात. कोंबड्यांचे लेअर मॅश त्यात फार कमी पडते, पिल्ले खुरटतात आणि अंड्यावर उशिरा येतात. बटेराचे खास खाद्य मिळाले नाही तर ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर बारीक करून द्यावे.

तिसऱ्या आठवड्यापासून नर-मादी ओळखू येतात. नराची छाती एकसारखी विटकरी, मादीची फिकट आणि काळ्या ठिपक्यांची. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाले की माद्यांच्या डोक्याची आणि पाठीची पिसे उपटली जातात. पिंजऱ्याच्या उंचीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. बटेर दचकला की सरळ वर उसळतो. छत दोन-अडीच फुटांवर असेल तर त्याला पुरता वेग मिळतो आणि डोके फुटते. पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीच्या पिंजऱ्यात तसा वेगच येत नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्यावी. कोंबड्यांच्या षट्‌कोनी जाळीतून उंदीर आणि साप सहज आत जातात, मुंगूस ती फाडते, आणि मांजर बाहेरूनच पंजा घालून पक्ष्याचे मुंडके ओढते. पिंजऱ्याचे पाय जमिनीपासून कंबरेइतके उंच असावेत.

झाडाखाली पिंजरा ठेवला की उन्हाळ्यात सावली मिळेल हा हिशेब बरोबर आहे, पण ती सावली चार-पाच वर्षांनी मिळते. तोवर पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा तुरकाठ्यांचा कूड, वर पाचट आणि दुपारी ओले गोणपाट, एवढे लागतेच. पारा 40 च्या वर गेला की अंडी घटतात आणि पक्षी धापा टाकतात. हिवाळ्यात उलटी अडचण येते. मादीला दिवसाला 14 ते 16 तास उजेड हवा आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो, म्हणून संध्याकाळी चार-पाच तास एक लहान बल्ब लावावा लागतो. अंड्यावरच्या मादीच्या खाद्यात साधारण 20 टक्के प्रथिने आणि पुरेसे कॅल्शियम असावे. पक्ष्याला रोज 20 ते 25 ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे शंभर पक्ष्यांना महिन्याला साठ ते पंचाहत्तर किलो. विक्रीचा विचार करण्याआधी हा आकडा वहीत लिहावा.

बागेत सोडले तर बटेर किडी खातील, ही कल्पना पुष्कळांना सुचते. कोंबडीसारखा तो संध्याकाळी परत येत नाही. सोडला की गेला.

बागेला बटेराचा खरा उपयोग खतासाठी होतो, आणि सर्वांत मोठे नुकसानही तिथेच होते. ताज्या विष्ठेत नत्र भरपूर आणि लगेच सुटणारे असते. ती रोज उचलून जवळच्या पेरूच्या आळ्यात टाकली तर महिन्याभरात पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात, कोवळे शेंडे करपतात आणि बुंध्याजवळ माश्या घोंघावू लागतात. पाणी कमी पडले असे समजून लोक आणखी पाणी देतात, आणि करपलेली मुळे कुजायला लागतात. ताजी विष्ठा कोणत्याही आळ्यात टाकू नये. एक पाटी विष्ठेला तीन-चार पाट्या वाळलेली पाने, तूस किंवा उसाचे पाचट घालून ढीग करावा. ओलावा इतका असावा की मूठ दाबली तर हात ओला होईल पण पाणी गळणार नाही. दर पंधरा दिवसांनी ढीग उलटावा. आधी तो हात भाजेल इतका तापतो, मग निवतो. अडीच-तीन महिन्यांनी काळे, मातीचा वास असलेले खत होते. ढिगाला अमोनियाचा तिखट वास येत असेल तर पाला कमी पडला आहे. हे खत बुंध्यापासून हातभर दूर, झाडाच्या सावलीच्या कडेने पसरून मातीत मिसळावे.

सांडलेल्या मॅशवर आधी मुंग्या येतात, मग उंदीर. मुंग्यांचे नुकसान लांबून दिसत नाही. त्या पेरूवर आणि सीताफळावर पिठ्या ढेकणाला राखतात, त्याच्या गोड स्रावासाठी त्याच्या शत्रूंना हुसकावतात. पिंजऱ्याच्या जवळच्याच झाडांवर पांढरा कापूस दिसू लागला तर औषध फवारण्याआधी पिंजऱ्याखालची जागा पाहावी. खाद्याच्या ट्रेला वळलेली कडा, पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आणि खाद्य ठेवायला झाकणाची पत्र्याची पेटी एवढ्याने निम्मा उपद्रव थांबतो. फवारणी करावीच लागली तर पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हलवून, पाण्याची भांडी झाकूनच करावी. फवारलेल्या झाडाखालचा पाला किंवा गवत पक्ष्यांना घालू नये. पडलेली पेरूची फळे रोज वेचून खोल पुरावीत, म्हणजे फळमाशीची पुढची पिढी थांबते.

बटेर आणि गावठी कोंबड्या एकाच आवारात ठेवू नयेत. कोंबडी वरवर ठणठणीत दिसते तेव्हाही तिच्याकडून रोग बटेरांत येऊ शकतो. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा आसपासच्या घरगुती पक्ष्यांचीही विल्हेवाट लावावी लागली होती. अचानक मोठी मरतूक झाली तर मेलेले पक्षी ढिगात टाकू नयेत, विकू नयेत, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

विक्रीची वाट आधी शोधावी. अंडी आणि पक्षी परत घेण्याची लेखी हमी देणारे भेटतात. पहिल्या एक-दोन खेपा उचलल्या जातात आणि नंतर फोन लागत नाही. जवळच्या शहरातल्या दोन खानावळी आणि एक किराणा दुकान प्रत्यक्ष बोलून ठरवल्याशिवाय पन्नासाचे शंभर करू नयेत.

पाळीव बटेर आता खुडूक बसत नाही, त्यामुळे पिल्ले हवीत तर उबवणी यंत्र लागते. घरच्याच पक्ष्यांची पैदास दोन-तीन पिढ्या चालवली की जवळच्या नात्यातल्या संकरामुळे अंडी कमी फुटतात आणि पिल्ले अशक्त निपजतात. मादीचे पहिले वर्ष भराचे असते, पुढे अंडी घटतात. तेव्हा दरवर्षी माद्या बदलाव्यात आणि नर दुसऱ्या केंद्रातून आणावेत.