म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका



आपल्या भागातील एका घराची गोष्ट आज सांगतो. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सत्तरी ओलांडलेली माय एका संध्याकाळी पिशवी घेऊन निघाली. सुनेने विचारले, "माय, कोठं चालल्या?" माय म्हणाली, "गावाले जातो. गायी बांधाच्या हायेत." तिचे गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेले आहे आणि घरात गायीही राहिल्या नाहीत. सुनेने तिला हाताला धरून परत आणले. दुसऱ्या दिवशी मायने शेजाऱ्यांना सांगितले, "सुनेनं माहे पैसे चोरले."

मिस्सानंतर मुलगा माझ्याकडे आला. मी त्याला म्हणालो, "वय झाले आहे, सांभाळून घ्या, प्रार्थना करा." प्रार्थना करा म्हणालो ते बरोबरच होते. पण "डॉक्टरांना दाखवा" असे मी म्हणालो नाही. माझ्या त्या एका वाक्यामुळे त्या घराचे आठ महिने वाया गेले. म्हणून हा लेख.

१. हा आजार कोणता?

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणतात, "म्हातारचळ लागले" म्हणतात. चष्मा कोठे ठेवला ते विसरणे वयोमानाने होते. पण रोजची भाजी करण्याची रीत विसरणे, ओळखीच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न दहा वेळा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे, स्वभाव बदलणे ही डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, लक्षणे असू शकतात. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्ट येथे ५१ वर्षांच्या ऑगस्ट नावाच्या स्त्रीला इस्पितळात दाखल केले गेले. तिच्यातला बदल आधी तिच्या नवऱ्याच्या लक्षात आला होता. तिला स्वतःचे नावही पूर्ण लिहिता येईना. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू तपासला. १९१० साली या आजाराला त्यांचे नाव मिळाले.

आपल्या देशात ६० वर्षांवरील शंभरात सुमारे सात जणांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासाने दिला. ग्रामीण भागात आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक आढळले.

२. निदानाला उशीर का होतो?

पहिले कारण, जी व्यक्ती चोवीस तास जवळ असते, तिचेच कोणी ऐकत नाही. बहुधा ती सून असते. नागपूरला नोकरी करणारा मुलगा दोन दिवसांसाठी येतो, आई त्याच्याशी छान बोलते आणि तो म्हणतो, "आईला काही झाले नाही, तुमचेच पटत नाही." दुसरे कारण लाज. नागपुरात लोक आजही "पागलखाना चौक" म्हणतात. आपल्या मायला त्या वाटेने कशी न्यायची, या विचारानेच पाय अडतो. तिसरे कारण, "बाहेरचे" झाले असे समजून आपण आधी देवऋष्याकडे जातो. चौथे, दवाखान्यातील पाच मिनिटांच्या भेटीत पेशंट नाव-गाव नीट सांगतो आणि टॉनिक घेऊन परत येतो. या घरात हे चारही घडले.

३. डॉक्टर काय पाहतात?

एका रक्ततपासणीने डिमेन्शिया कळत नाही. घरच्यांनी सांगितलेली हकीकत हाच निदानाचा मुख्य आधार. त्यासोबत स्मरणशक्तीची प्रश्नोत्तरे, रक्ताची तपासणी आणि गरजेप्रमाणे सीटी स्कॅन किंवा एमआरआय होते. यात मोठी आशाही आहे. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, पडल्यामुळे डोक्यात साठलेले रक्त यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला, तर ते संसर्गाचे लक्षण असू शकते. अशा वेळी ताबडतोब दवाखाना गाठावा.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध नाही. काही औषधांनी काही रुग्णांना काही काळ फायदा होतो.

४. आपण काय करावे?

• घडलेले प्रसंग तारखेसह वहीत लिहून ठेवा.
• चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.
• जी व्यक्ती रोज सेवा करते, तीच डॉक्टरांकडे सोबत गेली पाहिजे. पेशंटसमोर सांगणे अवघड वाटले, तर वही डॉक्टरांच्या हाती द्या.
• सुरुवात जवळच्या सरकारी दवाखान्यापासून करा आणि नागपूरच्या मेडिकलसाठी चिठ्ठी मागा. मानसोपचार किंवा न्यूरॉलॉजी विभागात दाखवायचे असते.
• सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत.

शेवटी त्या घरी मेडिकलमध्ये निदान झाले. मुलगा रडला. सून मात्र म्हणाली, "फादर, आता तरी सगळ्यांले समजलं, मी चोर नव्हती." आजाराला नाव मिळाले आणि तिच्यावरचा आळ उतरला. नवऱ्याने आठवड्यातून दोन रात्री जागण्याची पाळी स्वतःकडे घेतली. शेजारीही आता फाटकाकडे लक्ष ठेवतात.

सतराव्या शतकातील इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने माणसाची ओळख त्याच्या आठवणीशी जोडली. सेमिनरीत शिकताना मला ते पटले होते. आज पटत नाही. माय स्वतःला विसरली तरी सून तिला विसरलेली नाही आणि देवही विसरत नाही. सिराखच्या ग्रंथातील तिसरा अध्याय घरी वाचा. बापाची बुद्धी क्षीण झाली तरी मुलाने त्याला समजून घ्यावे, त्याचा अपमान करू नये, असा बोध तेथे आहे. त्या काळीही घराघरांत हे दुःख होते.

चिंतनासाठी प्रश्न:
१. आपल्या घरी किंवा शेजारी अशी लक्षणे कोणात दिसतात का? डॉक्टरांना दाखवले आहे का?
२. सेवा करणाऱ्या व्यक्तीला या आठवड्यात दोन तास मोकळे करण्यासाठी मी काय करू शकतो?

आपला,
फादर