रोजचा रियाज

संगीताच्या जलशात कलावंताची बोटे सतारीवर लीलया फिरू लागली, की श्रोते माना डोलावतात आणि म्हणतात, "काय ही ईश्वरी देणगी!" देणगी असते हे खरे; पण ती बीजासारखी असते. बीज कितीही उत्तम असले, तरी त्याला रोज पाणी घालावे लागते. संगीतात या पाण्याला रियाज असे नाव आहे. अशा रियाजावर ज्यांची अढळ श्रद्धा होती, ते थोर वादक म्हणजे अल्लाउद्दीन खाँ.

आजच्या बांगला देशातील शिवपूर या खेड्यात त्यांचा जन्म झाला. संगीताच्या ओढीने लहानपणीच ते घर सोडून कलकत्त्यास आले. तेथे नुलो गोपाल या नावाने प्रसिद्ध असलेले एक गवई राहत. त्यांनी या मुलाला शिष्य करून घेतले. पण एक अट घातली. बारा वर्षे केवळ स्वर घोटावयाचे! दुसरे कोणतेही मूल अशा अटीने पळून गेले असते. अल्लाउद्दीनने मात्र ती आनंदाने मान्य केली. सुमारे सात वर्षे ही साधना चालली आणि मग गुरूंचे निधन झाले. शिष्याला अतोनात दुःख झाले. त्याने गाणे सोडले व तो वाद्यांकडे वळला.

ती सात वर्षे वाया गेली काय? मुळीच नाही. स्वर घोटून घोटून त्याचा कान तयार झाला होता. कोणतेही वाद्य हाती घेतले, तरी स्वर कोठे चुकतो हे त्याचा कानच त्याला सांगे. सनई, व्हायोलिन, सरोद अशी अनेक वाद्ये तो शिकला. पुढे रामपूर येथे वजीरखाँ यांच्याकडे त्याने विद्या मिळविली आणि अखेर मैहर संस्थानच्या राजांनी त्याला गुरू मानून आपल्या दरबारी ठेवून घेतले. मैहर हे गाव आज मध्य प्रदेशात आहे.

इ. स. १९१८ च्या सुमारास देशभर तापाच्या साथीने थैमान घातले. मैहरमध्ये कित्येक मुले पोरकी झाली. त्यांना ना घर उरले, ना छत्र. खाँसाहेबांनी अशा मुलांना जवळ केले आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. ही मुले काही गवयांच्या घराण्यांतली नव्हती. त्यांना शिकवून खाँसाहेबांनी एक वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापून त्यांनी 'नलतरंग' नावाचे नवे वाद्यही तयार करविले. लांब नळी खालचा स्वर देई, आखूड नळी वरचा. ज्या नळ्यांतून गोळ्या सुटावयाच्या, त्यांतून आता मधुर स्वर उमटू लागले!

खाँसाहेब शिस्तीचे अतिशय कडक होते. रियाजात आळस केलेला त्यांना खपत नसे. कारण एकाने स्वर चुकविला, तर साऱ्या वृंदाचा मेळ बिघडतो. नियमित अभ्यासाच्या बळावर पोरकी मुले वादक झाली आणि मैहरचा वाद्यवृंद नावारूपास आला.

रोजच्या रियाजाने नेमके काय साधते? सतार शिकणाऱ्या मुलाच्या बोटाला पहिल्या दिवसांत तार रुतते व बोट दुखते. रोज थोडे थोडे वाजविले, की तेथील कातडी घट्ट होते आणि दुखणे थांबते. बोटांचेही तसेच आहे. आरंभी प्रत्येक पडदा डोळ्यांनी शोधावा लागतो. काही महिन्यांनी बोट आपोआप योग्य जागी जाते. म्हणून आठवड्यातून एकदा चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणे हिताचे असते. आधी वाद्य सुरात लावावे. मग एकेक स्वर सावकाश वाजवावा. जेथे चूक होते, तेवढाच भाग पुनःपुन्हा घोटावा. घाईने वाजविले, तर चूकच पक्की होते. आणि पक्की झालेली चूक काढणे नवे शिकण्याहून कठीण असते.

बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया यांची गोष्ट याची साक्ष देते. ते आकाशवाणीवर वाजवीत होते, चित्रपटसंगीतातही त्यांना मान होता. तरीही अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी यांच्याकडे ते शिकण्यासाठी गेले. सारे पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची आपली तयारी आहे, हे दाखविण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली! ज्या हातांना वर्षांची सवय होती, त्यांना त्यांनी नव्याने धडे दिले. कीर्ती मिळाली, तरी रियाज संपत नाही तो असा.

इ. स. १९७१ मध्ये भारत सरकारने अल्लाउद्दीन खाँ यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. पुढच्याच वर्षी मैहर येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची शिकवण मात्र त्यांच्या शिष्यांच्या बोटांत जिवंत राहिली. घरातील एखादी पेटी किंवा तबल्याची जोडी धूळ खात पडली असेल, तर तिच्यातही स्वर आणि ताल निजलेले असतात. त्यांना रोज हाक मारणारे हात तेवढे हवेत.

शब्दार्थ
लीलया – सहजपणे
घोटणे – पुनःपुन्हा म्हणून वा वाजवून पक्के करणे
छत्र – आधार
थैमान – धुमाकूळ
देहावसान – मृत्यू

स्वाध्याय
१. नुलो गोपाल यांनी कोणती अट घातली? तिचा अल्लाउद्दीनला पुढे काय उपयोग झाला?
२. नलतरंग हे वाद्य कसे तयार केले?
३. घाईने वाजविण्यात कोणता तोटा आहे?
४. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण या पाठास कशी लागू पडते, ते पाचसहा ओळींत लिहा.