शिल्पकार करमरकर

आम्हांला चौथीला शिवरायांचा इतिहास आहे. तो शिकताना गुरुजींनी एका शिल्पकाराची माहिती सांगितली. ती मला फार आवडली, म्हणून येथे लिहीत आहे.

शिल्पकार म्हणजे मूर्ती व पुतळे घडविणारा. या शिल्पकारांचे नाव विनायक पांडुरंग करमरकर. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे या गावी झाला. सासवणे हे अलिबाग तालुक्यात मांडव्याजवळ आहे. त्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत, आता रायगड म्हणतात. गाव आपल्यासारखेच खेडेगाव, फक्त तिथे समुद्र जवळ आहे.

विनायकाला लहानपणापासून चित्रांचा नाद होता. त्याने गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. महाराज घोड्यावर बसलेले होते. एकदा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड साहेब तिकडे आले. त्यांनी ते चित्र पाहिले व हे कोणी काढले म्हणून चौकशी केली. त्यांच्या मदतीने विनायक मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला. पुढे करमरकरांनी कलकत्त्याला काम केले आणि लंडनला जाऊनही शिक्षण घेतले.

त्यांचे सर्वांत मोठे काम पुण्याला आहे. ते म्हणजे शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा. शिवाजीनगरला शिवाजी मिलिटरी स्कूलमध्ये तो १९२८ साली उभा राहिला. तो साडेतेरा फूट उंच व सुमारे ८ टन वजनाचा आहे. तो मुंबईला माझगावला ओतला व रेल्वेने पुण्याला नेला. भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलाने मोठेपणी तोच घोडा आणि तेच महाराज धातूत घडविले!

पुतळा कसा ओततात तेही गुरुजींनी सांगितले. आधी मातीचा पुतळा करतात. त्यावरून प्लॅस्टरचा साचा घेतात. शेवटी साच्यात वितळलेला धातू ओततात. त्या धातूला ब्राँझ म्हणतात. तांब्यात कथील मिसळून ब्राँझ होते. हे ऐकून माझ्या शेजारी बसणारा मित्र म्हणाला, "म्हणजे वीट पाडतात तसंच की! आपण साच्यात गारा भरतो, ते धातू भरतात." गुरुजी हसले व म्हणाले, "बरोबर बोललास."

करमरकरांनी नुसते राजे घडविले नाहीत. त्यांनी कोळीण घडविली, शंख फुंकणारा घडविला, सिमेंटची म्हैससुद्धा केली. १९६४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ साली ते वारले. सासवण्याला त्यांच्या घरात त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे.

आता माझ्या मित्राबद्दल थोडे लिहितो. तो पावसाळ्यात बांधावरची चिकणमाती आणून बैल करतो. मी केला तर त्याचे पाय मोडतात. त्याचा बैल उभा राहतो आणि मान वळवून बघतो. पण दरवर्षी दिवाळी झाली की तो आईबापाबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो आणि पाऊस लागायच्या आधी परत येतो. मागल्या वर्षी तो आला तेव्हा भागाकार विसरला होता. त्याची आजी गावातच असते. तो म्हणतो, "मी आजीकडे राहीन, शाळेत येईन." पण घरी सांगायला भितो. म्हणून त्याला विचारून मी लिहिले आहे.

विनायकाचे चित्र भिंतीवर होते, म्हणून साहेबांना दिसले. पण नुसते दिसून काय उपयोग? साहेबांनी त्याला शाळेची वाट दाखविली, म्हणून तो शिल्पकार झाला. आपल्या शाळेत कलेक्टर येतील की नाही ठाऊक नाही, पण आईवडील तर येतातच.

या भित्तिपत्रकाच्या खाली खिडकीच्या कट्ट्यावर एक मातीचा बैल ठेवला आहे. तो सगळ्यांनी बघावा. हात लावू नये, शिंगे अजून ओली आहेत.

इयत्ता चौथी