पुराचे पाणी आणि धरणातील गाळ

पावसाळ्यात एके दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते की, पोचमपाडचे श्रीरामसागर धरण भरले, पातळी १०९१ फुटांवर गेली. मग बाजारात, मशिदीच्या पायरीवर, एस. टी. च्या थांब्यावर तोच विषय. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले, "सर, १०९१ फूट म्हणजे पाणी किती?" आम्ही जुन्या टिपणांतून उत्तर दिले, "११२ टी. एम. सी." एक टी. एम. सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. मुलगा म्हणाला, "पण पेपरात तर ऐंशीच लिहिले आहे!" मुलगा बरोबर होता व मास्तर चुकले होते.

पंडित नेहरूंच्या हस्ते २६ जुलै १९६३ रोजी ज्या धरणाची कोनशिला बसली, त्याची मूळ साठवण ११२ टी. एम. सी. धरली होती. १९९४ च्या मोजणीत ती ९० च्या आसपास भरली आणि पुढच्या मोजणीत ८० च्या घरात आली. भिंत तीच, दारे तीच बेचाळीस, पातळीही तीच १०९१ फूट. फक्त आतल्या सुमारे ३२ टी. एम. सी. पाण्याची जागा चिखलाने घेतली. ज्यांनी या तलावासाठी घरेदारे व काळी जमीन सोडली, त्यांनी ती ११२ साठी सोडली होती हे विसरता येत नाही.

हा चिखल येतो केव्हा व कसा, हे या लेखात सांगावयाचे आहे. आम्ही इंजिनीअर नव्हे. शाळेत विज्ञान व भूगोल शिकवितो. तेव्हा शाळेच्या रीतीनेच सांगतो.

आदिलाबादहून नागपूरकडे जाताना पैनगंगेचा पूल लागतो. पहिल्या मोठ्या पुरात आम्ही तेथून लोणच्याची एक मोठी काचेची बरणी भरून आणली. पैनगंगेचे पाणी श्रीरामसागरात जात नाही; ते वर्धेला, मग प्राणहितेला मिळून खूप खाली गोदावरीत उतरते. परंतु माती त्याच दख्खनच्या काळ्या जातीची, म्हणून धडा तोच. बरणी वर्गात ठेवली. जाड वाळू ठेवताठेवताच खाली बसली. बारीक वाळू दोनचार मिनिटांत बसली. तास संपला तरी पाणी चहासारखेच होते, आणि दुसऱ्या दिवशीही त्याचा गढूळपणा पुरता गेला नव्हता.

याचे गणित सोपे आहे. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण निश्चल पाण्यात एक मीटर खाली जावयास सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच्या दशांश आकाराच्या पोयट्याच्या कणाला तीन तास लागतात. आणि चिकणमातीचा कण, जो मिलिमीटरच्या हजारात दोन भागांएवढा असतो, त्याला तीन दिवसांहून अधिक लागतात. कण दसपट लहान झाला की बसण्याची गती शंभरपट कमी होते. पूर्वी पावसाळ्यात आमच्या घरी रांजणात तुरटी फिरवीत, ती याचसाठी. तुरटीने हे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके होतात व ते लवकर खाली बसतात. धरणात तुरटी कोण फिरविणार?

आता बरणीऐवजी नदी डोळ्यांपुढे आणावी. श्रीरामसागराच्या वर गोदावरीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ९१ हजार चौरस किलोमीटर आहे. त्र्यंबकेश्वरापासून मराठवाड्यापर्यंतची शेते, आणि कंदकुर्तीला येऊन मिळणारी मांजरा, या सगळ्यांची माती तिकडे येते. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली, पीक नाही, गवत नाही. त्यावर मृगाचा किंवा आर्द्रेचा जोरदार पाऊस पडला म्हणजे पहिल्या पुरात सर्वांत अधिक माती सुटते. वर्षभराचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत येतो. पाण्याचा वेग वाढला की त्याची माती वाहण्याची ताकद त्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी अधिक वाढते. उरलेले दहा महिने नदी जणू गाळाच्या बाबतीत रजेवर असते.

हा पूर तलावाच्या तोंडाशी येतो तेव्हा पात्र एकाएकी रुंद व खोल होते, वेग मरतो. जड वाळू तेथेच, तलावाच्या शेपटाकडे पडते व तिचा त्रिभुज प्रदेशासारखा थर पुढे पुढे सरकू लागतो. पोयटा आणखी आत जातो. चिकणमातीचे पाणी मात्र स्वच्छ पाण्याहून जड असल्यामुळे कधी कधी वर न पसरता तळाशी उतरते व बुडालेल्या जुन्या पात्राने सरपटत थेट भिंतीपर्यंत पोहोचते. वर तलाव निवळ दिसत असतो आणि खाली दुसरी गढूळ नदी चाललेली असते.

येथे एक जुना गैरसमज सांगितला पाहिजे. धरण आखताना तळाशी काही जागा 'मृत साठा' म्हणून गाळासाठी सोडतात. कल्पना अशी की गाळ खाली जाऊन त्या जागेत बसेल. परंतु वर सांगितल्याप्रमाणे जाड गाळ शेपटाकडे, म्हणजे शेतीच्या कामाच्या जिवंत साठ्यातच पडतो. शिवाय तो पात्र उथळ करतो, त्यामुळे पुराचे पाणी वरच्या गावांत अधिक चढते.

गाळ किती येईल याचा अंदाजही चुकत आला आहे. मांजरेवरील निजामसागर हे उत्तम उदाहरण. नवाब अली नवाज जंग बहादूर यांच्या देखरेखीखाली १९२३ ते १९३१ या काळात ते बांधले गेले. असा इंजिनीअर दख्खनला क्वचितच लाभला. तरीही तेथे वर्षाला सुमारे ५३० एकर-फूट गाळ येईल असे धरले होते, तो मोजणीत ८,७०० हून अधिक निघाला, सोळापट! दोष एकट्या माणसाचा नव्हे. त्या काळी आपल्या नद्यांच्या गाळाची मोजमापेच पुरेशी नव्हती.

मग उपाय काय? पहिला विचार मनात येतो तो उपशाचा. तेलंगणात २०१५ पासून मिशन काकतीयात गावतळ्यांचा गाळ काढून शेतात टाकला गेला. महाराष्ट्रातही गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना झाली. गावतळ्याला हे फार चांगले, पिकालाही चांगले. पण मोठ्या धरणाचे गणित मुलांकडून करवून घेतले तेव्हा फळ्याला जागा पुरेना. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर माती मावते असे धरले, तर एक टी. एम. सी. ला सुमारे ९४ लाख ट्रॉल्या लागतात. ३२ टी. एम. सी. ला तीस कोटी. रोज हजार ट्रॉल्या भरल्या तरी आठशे वर्षे! एका मुलीने विचारले, "आणि सर, तोवर नवा गाळ?" तिला आम्ही शाबासकी दिली.

तेव्हा खरी वेळ पुराचीच. गाळ पाण्यात तरंगत आहे तोवर त्याला पुढे जाऊ द्यावयाचे. एकदा बसला की तो हलत नाही. नाईल नदीवर १९०२ साली पुरे झालेल्या आसवानच्या जुन्या धरणाला खालच्या अंगाला १८० दारे होती. पुराचे लाल पाणी त्यांतून बेलाशक सोडून देत व पूर ओसरून पाणी निवळू लागले की दारे लावून साठा करीत. चीनमध्ये पीत नदीवर सानमेनश्या धरणात १९६० मध्ये पाणी अडविले, तेव्हा हा विचार मागे पडला. गाळाने तलाव इतका झपाट्याने भरू लागला की १९६२ मध्येच धोरण बदलावे लागले, आणि पुढे तळाशी नवी दारे व बोगदे करावे लागले.

दूर जावयास नको. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. हा निर्णय पाणीवाटपाचा आहे, गाळाचा नव्हे. तरी आमच्या समजुतीप्रमाणे त्या बंधाऱ्याला याचा नकळत लाभ होतो, कारण पूर त्याच्या पोटातून गाळासह निघून जातो. तोच गाळ खाली श्रीरामसागरात येऊन मुक्काम करतो. तेथील मोठी दारे नदीच्या तळापासून बऱ्याच उंचीवर असल्याने त्यांतून वरचे, तुलनेने निवळ पाणी जाते आणि जड गाळ मागे राहतो.

श्रीरामसागरात आसवानची रीत का चालवीत नाहीत, असे वाचक विचारतील. दारांची उंची हे एक कारण. दुसरे असे की, जुलैचा गढूळ पूर सोडून दिला आणि ऑगस्टमध्ये पाऊस रुसला, तर कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी कोणाला विचारील? ज्याच्या हाती दाराची कळ आहे त्याला गाळ पन्नास वर्षांनी दिसतो, कोरडा कालवा त्याच वर्षी दिसतो. आणि कधी कधी निवड करावयास सवडच नसते. आमच्या जुन्या जिल्ह्यातील, आता निर्मल जिल्ह्यात गेलेले कडम धरण पाहा. १९५८ च्या पुरात ते बांधकाम चालू असतानाच फुटले होते. जुलै २०२२ मध्ये तेथे पाच लाख क्युसेकच्या वर पाणी आले. अठरा दारांची ताकद तीन लाखांच्या आसपास, त्यातही एक दार उघडेना. पाणी भिंतीवरून गेले, खालची गावे रातोरात हलवावी लागली. त्या रात्री गाळाचा विचार करा असे कोणी कोणाला सांगावे?

परंतु हवामानाचा अंदाज आता पूर्वीपेक्षा आधी कळतो. वर नांदेडकडे किती पाणी निघाले तेही तासातासाला समजते. पुढे मोठा पूर येत आहे अशी खात्री असेल, तर तलाव थोडा खाली ठेवून पहिले गढूळ पाणी तळाच्या दारांतून काढून देणे, आणि साठा पुराच्या उतारावर करणे, एवढे तरी शक्य तेव्हा करावयास हवे असे आम्हांस वाटते. यासाठी तळाची दारे गंजू न देता चालती ठेवावी लागतात. ते काम उन्हाळ्यात होते आणि त्याची बातमी छापून येत नाही.

ती बरणी अजून आमच्या वर्गाच्या कपाटावर आहे. तळाशी चार थर दिसतात, खाली वाळू, वर तांबूस पोयटा, मग काळी माती, आणि सर्वांत वर लोण्यासारखी मऊ साय. मुलांनी पट्टीने मोजून पाहिले, तर सगळे मिळून बोटाच्या पेराएवढेही भरले नाही. बरणी मात्र एकदाच भरली होती.