रबर नवं, केसिंग कोणाचं?

एसटीच्या मागच्या चाकांना रिमोल्ड टायर असतात, हे आमच्या घरात सगळ्यांना शाळकरी वयापासून ठाऊक होतं. वडील महामंडळाच्या कार्यशाळेत टायर विभागात होते. गोटा झालेला टायर उतरवायचा, घासायचा, त्यावर नवं रबर चढवायचं आणि तोच पुन्हा गाडीला लावायचा, या कामावर आमचं घर चाललं. पुढच्या चाकांना नवे, मागच्यांना रिमोल्ड, या हिशेबाने लाल गाड्या पिढ्यान्‌पिढ्या घाट चढल्या-उतरल्या. विमानांचे टायरसुद्धा पुन्हा पुन्हा रबर चढवून वापरतात. तेव्हा रिमोल्ड म्हणजे लबाडी, असं मानणाऱ्यांतला मी नाही.

तरीही घरच्या कारला रिमोल्ड लावू नका, असं मी आता विचारेल त्याला सांगतो, आणि न विचारणाऱ्यालाही.

माझ्या भाच्याने जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून छोटी कार घेतली. गाडी २०१८ ची, एका हातची, रंग ठीक, इंजिन गुळगुळीत. टायर पाहून तर तो खूशच झाला होता. चारही काळेभोर, बटणं पूर्ण उंचीची. ‘मामा, टायरचा खर्च दोन-तीन वर्षं नाही,’ असं त्याने फोनवर सांगितलं. मे महिन्यात नागपूरला लग्न होतं. आम्ही चौघं, डिकीत आहेराच्या पिशव्या, आणि छत्रपती संभाजीनगरहून समृद्धी महामार्ग. उन्हाचं सांगायला नको. मे महिन्यात विदर्भाचं काँक्रीट दुपारी कसं तापतं ते तिकडच्यांना माहीत आहे.

मेहकर मागे पडल्यावर गाडीच्या मागच्या अंगाला बारीक थरथर जाणवायला लागली. भाचा म्हणाला, काँक्रीटचा रस्ता आहे, आवाज येणारच. तेही खरंच असतं, म्हणून मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने थरथरीचा धपधपाट झाला आणि लगेच मागच्या उजव्या चाकाच्या कमानीत कोणीतरी पट्ट्याने झोडपतंय असा आवाज सुरू झाला. भाच्याने ब्रेकवर पाय दाबला नाही, हे त्या दिवसाचं मोठं भाग्य. स्टिअरिंग घट्ट धरून, ॲक्सिलरेटर सोडून त्याने गाडी हळूहळू डावीकडे कडेला घेतली. उतरून पाहिलं तर टायरमध्ये हवा शाबूत होती! फक्त वरचा पट्टा अर्ध्याहून जास्त सोलून निघाला होता आणि त्याने आतलं प्लास्टिक फाडून बंपरचा कोपरा उचकटला होता. आत जुनं, घासलेलं, करडं केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, दिसत होतं. कोणाला खरचटलंही नाही.

मी खाली वाकून टायरच्या बाजूवरचे आकडे वाचले. डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे होते, २२१३. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०१३ चा बाविसावा आठवडा. गाडी २०१८ ची आणि टायर तिच्या जन्माआधी पाच वर्षांचा! ते केसिंग या गाडीचं कधी नव्हतंच. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीखाली आयुष्य काढून, गोटा होऊन, भंगारात जाऊन, तिथून कोणाच्या तरी कारखान्यात पोहोचून ते इथे आलं होतं.

सगळी गोम इथे आहे. वडील तरुण पोरांना पहिल्यांदा एकच काम शिकवायचे: केसिंग बघ. टायरच्या पोटात दिवा धरून, बोटं फिरवून, खिळ्याचं भोक, तुटलेली तार, आतल्या थरात आलेली हवा शोधायची. जो टायर नापास, तो नापास. शिवाय एसटीच्या प्रत्येक टायरला नंबर असतो आणि तो किती किलोमीटर चालला, कधी पंक्चर झाला, यापूर्वी किती वेळा रबर चढलं, याची नोंद असते. मोठा ट्रकमालकही स्वतःचं केसिंग देऊन स्वतःचंच परत घेतो. म्हणून ट्रकवाल्याला रिमोल्ड परवडतो: रबर नवं घेतलं, पण केसिंग ओळखीचं. कारच्या बाबतीत हे जवळजवळ कोणीच करत नाही. आपण टायर बदलतो तेव्हा जुने दुकानदाराकडे सोडून येतो. पुढे त्यांचं काय होतं ते आपण विचारत नाही, आणि ज्याला ते मिळतात तोही आपल्याला विचारायला येत नाही.

काम कसं चालतं तेही थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पट्टा का सुटतो हे कळत नाही. जुनी बटणं यंत्रावर घासून काढतात, पृष्ठभाग खरखरीत करतात, जखमा भरतात, त्यावर चिकट सोल्यूशन आणि कुशन गमचा पातळ थर देतात. मग दोन रस्ते. एक गरम पद्धत: कच्चं रबर लावून टायर साच्यात घालायचा आणि दीडशे अंशांच्या आसपास शिजवायचा, नक्षी तिथेच उमटते. दुसरी थंड पद्धत: आधीच शिजवलेला, नक्षी असलेला पट्टा गुंडाळायचा आणि टायर दाबाच्या चेंबरमध्ये साधारण शंभर अंशांवर काही तास ठेवायचा. दोन्ही पद्धती नीट केल्या तर पक्क्या. पण घासलेल्या पृष्ठभागावर धूळ बसली, ओल राहिली, वेळ मारला, तर जोड बाहेरून अगदी तसाच दिसतो. फरक दिसतो तो उन्हात आणि वेगात.

वेगाचा हिशेब मी नंतर घरी कागदावर मांडला. चौदा इंची रिमच्या साध्या कारचं चाक १२० च्या वेगाला मिनिटाला हजारावर फेरे घेतं. त्या वेगात टायरच्या कडेवरचं प्रत्येक ग्रॅम रबर स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेतीनशे पट जोराने बाहेर खेचलं जातं. शंभर ग्रॅमचा तुकडा म्हणजे पस्तीस किलोची ओढ! बसचं चाक मोठं आणि वेग ८० च्या आतबाहेर. तिथे हीच ओढ तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्यात हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, तापते आणि जोडाला शिजवत राहते. कारच्या टायरची बाजू मुळात पातळ, आरामासाठी बनवलेली. ट्रकचा टायर जाडजूड, आणि तो तयार होतानाच पुढे त्यावर रबर चढणार हे गृहीत धरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रक-बसच्या मागच्या एक्सलला जोडटायर असतात. एक गेला तरी शेजारचा तेवढ्यापुरता भार उचलतो. कारला असा शेजारी नाही. ‘मग मागे लावू, पुढे नवे ठेवू’ हा एसटीचा शहाणपणा कारला लावणारेही भेटतात. कारमध्ये मागचं चाक दगा देतं तेव्हा शेपूट फिरते, आणि फिरलेली शेपूट सावरणं सामान्य चालकाच्या हातात नसतं. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा, असं टायर कंपन्याच सांगतात.

रस्त्याच्या कडेला पडलेले रबराचे लांब तुकडे पाहून ‘हे सगळे रिमोल्ड’ म्हणणंही बरोबर नाही. अमेरिकेत २००८ च्या एका अभ्यासात ट्रकचे असे तुकडे गोळा करून तपासले होते. नव्या आणि रिमोल्ड टायरचं त्यातलं प्रमाण वापरातल्या प्रमाणाइतकंच निघालं. कमी हवा आणि उष्णता नव्या टायरलाही सोडत नाहीत. युरोपात कारच्या रिमोल्डसाठी १०८ क्रमांकाचा वेगळा नियम आहे; केसिंग एकदाच वापरायचं, दुसऱ्यांदा रबर चढवायचं नाही, आणि वेग व भाराची चाचणी द्यायची. तिथला असा टायर आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ‘जवळपास नवाच आहे’ म्हणून मिळणारा टायर, यांना एकाच नावाने हाक मारणं मला पटत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण मोह तिथेच पडतो. छोट्या कारचा नवा टायर साडेचार हजार आणि रिमोल्ड दीड हजार धरा. चार टायरमागे बारा हजारांचा फरक दिसतो. पण नवा पंचेचाळीस हजार किलोमीटर गेला आणि रिमोल्ड वीस हजार, तर चार चाकांचा खर्च किलोमीटरला नव्याचा चाळीस पैसे आणि रिमोल्डचा तीस पैसे. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्याची बचत हजार रुपये. त्यातून बॅलन्सिंगचे चार फेरे वजा करा. रिमोल्डचं वजन सगळीकडे सारखं नसलं तर ते करावे लागतात. विमाही हाताशी येईलच असं नाही. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान बसत नाही; गाडीचं नुकसान सोबत झालं तरच टायरच्या किमतीचे पन्नास टक्के मिळतात. भाच्याच्या बंपरला आणि कमानीला जो खर्च आला, त्यात दोन नवे टायर बसले असते.

विक्रेत्याकडे आम्ही गेलो होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, ट्रकला चालतात, तुमच्या कारला काय होतंय?’ वाद घालण्यात अर्थ नव्हता. टायर बदलून द्यायला तो तयार झाला नाही, आणि गाडीच्या कागदावर टायरबद्दल एक ओळही नव्हती.

म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनी पहिल्यांदा टायरवरची काळी पॉलिश ओल्या फडक्याने पुसावी. पॉलिशखाली बाजूला बारीक भेगा दिसल्या आणि बटणं मात्र कोरी असली, तर तिथेच शंका घ्यावी. कारच्या नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोली असते आणि १.६ मिलिमीटरची खूण खोबणीत उंचवट्याच्या रूपात असते, तिला टीडब्ल्यूआय म्हणतात. तारीख जुनी आणि खोली नव्याची, हे दोन एकत्र बसत नाहीत. बटणांचा भाग आणि बाजूची भिंत जिथे मिळते त्या खांद्यावर बोट फिरवा. गोलाकार शिवण किंवा पायरी लागली तर तो जोड आहे. कधी कंपनीचं नाव खरवडलेलं असतं, कधी नाव एका कंपनीचं आणि नक्षी भलतीच. तारखेचे आकडे बाहेरच्या बाजूला नसतील तर आतल्या बाजूला असतात. चाक उतरवायला लावा. विक्रेता नको म्हणाला तर तेवढंच उत्तर पुरे.

याहून वाईट माल म्हणजे कट मारलेला टायर. त्यात रबर चढवतच नाहीत. गोटा झालेल्या टायरमध्ये गरम पात्याने खोबण्या खोल करतात. कारच्या टायरमध्ये खाली पुरेसं रबर नसतं, आणि पातं थेट तारेपर्यंत जातं. खोबणीच्या तळाशी तार किंवा कापडाचा धागा चमकला तर त्या गाडीत बसूही नका.

ज्यांच्या गाडीला आज रिमोल्ड आहेत आणि लगेच बदलणं जमत नाही, त्यांनी निदान एक्स्प्रेसवेवर जाऊ नये. सकाळी टायर थंड असताना हवा तपासावी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच भरावी, आणि आठवड्यातून एकदा तळहात फिरवून फुगा आलाय का पाहावं. थरथर सुरू झाली की रस्त्याला दोष देत बसू नये, थांबून उतरावं. पैसे आले की आधी मागची जोडी बदलावी. स्वस्तातल्या कंपनीचा का होईना, आयएसआय खूण असलेला नवा टायर घ्यावा.

स्टेपनीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि तिथे मी थोडा सैल सोडतो. ओळखीच्या ठिकाणी चढवलेला, वय माहीत असलेला रिमोल्ड डिकीत असेल आणि तो फक्त साठच्या वेगाने पुढच्या टायरवाल्यापर्यंत जाण्यासाठी असेल, तर माझी हरकत नाही. भाच्याची स्टेपनी त्या दिवशी काढली, ती मूळ रबराची, कधीही न वापरलेली, पण भेगा पडलेली निघाली. तिच्यावर आम्ही चाळीसच्या वेगाने पुढच्या इंटरचेंजला उतरलो आणि गावातल्या दुकानात मागचे दोन्ही टायर नवे घातले. लग्नाला पोचायला उशीर झाला, जेवणाची शेवटची पंगत मिळाली.