‘थ्रेडबेअर’ : एका विरलेल्या शब्दाची ओळख

आपण मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी अर्थ लिहून तो पाठ करतो. ‘थ्रेडबेअर’ म्हणजे जीर्ण, एवढे वहीत उतरवले की काम संपले! परंतु मराठीत वस्त्र जीर्ण, देऊळ जीर्ण आणि ज्वरसुद्धा जीर्ण असतो. इंग्रजीत तसे चालत नाही. पडझड झालेली इमारत ‘डिलॅपिडेटेड’, वापरून झिजलेले बूट ‘वर्न आउट’, तर चालू स्थितीत असूनही कालबाह्य ठरलेले यंत्र ‘ऑब्सोलीट’. झीज आणि कालबाह्यता यांतील फरक आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी घसाऱ्याच्या प्रकरणात शिकतोच.

‘थ्रेडबेअर’ हा मुळात कापडाचा शब्द. थ्रेड म्हणजे धागा व बेअर म्हणजे उघडा. लोकरी कापडावर बारीक लव असते. वर्षानुवर्षे घासून ती गेली की खालचे उभे-आडवे धागे उघडे पडतात. कापड फाटलेले नसते, पण त्याची ऊब आणि शोभा गेलेली असते. म्हणून फाटक्या सदऱ्याला ‘टॉर्न’ म्हणावे, ‘थ्रेडबेअर’ नव्हे. यासाठी नेमका शब्द आपल्या घरातच आहे : ‘विरलेले’. कन्नडमधील ‘सवे’ हा धातू मात्र आपल्या ‘झिजणे’सारखा आहे, तो चपलेलाही लागू पडतो.

पुढे हा शब्द कापडावरून बोलण्यावर गेला. तीच ती सबब, तोच तो विनोद किंवा पुन्हा पुन्हा मांडलेला युक्तिवाद यांनाही ‘थ्रेडबेअर’ म्हणतात. आपण अशा विषयाचा ‘चावून चोथा झाला’ असे म्हणतो.

आता खरी मेख पाहा. आपल्याकडील वृत्तपत्रांत आणि सभांच्या इतिवृत्तांत ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड थ्रेडबेअर’ असे वाक्य आढळते. त्याचा अर्थ, विषयाचा धागान् धागा मोकळा करून चर्चा झाली. मराठीत सांगायचे तर मुद्द्याचा कीस काढला. हा प्रयोग मुख्यतः भारतीय इंग्रजीतला आहे. म्हणजे एकाच शब्दात कुठे चोथा आहे, तर कुठे कीस! परदेशी व्यापाऱ्याला पत्र लिहिताना ‘तुमच्या प्रस्तावावर थ्रेडबेअर चर्चा झाली’ असे कळवले, तर ती चर्चा शिळी आणि निरर्थक होती असा त्याचा समज होऊ शकेल. तेथे ‘इन डीटेल’ हेच शब्द बरे.

मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहते, असे आपल्याला वारंवार ऐकवले जाते. मला ते पटत नाही. विरणे, झिजणे, चोथा, कीस हे भेद ज्याला मातृभाषेत कळतात, त्याला इंग्रजीतले भेद कळायला उशीर लागणार नाही. मात्र वहीत शब्दासमोर एक अर्थ लिहून थांबू नये. तो शब्द कोणत्या वस्तूला लावतात, हेही शेजारी लिहावे.